शनिवारचा डबा

खोडेबाबूंच्या हातात काहीही द्या, ते विचारणार, "याची दुसरी कुठं हाय?" किल्ली, पेन, चष्मा, छत्री, त्यांना सगळ्याची दुसरी लागते. माझं लग्न झालं तेव्हा बायकोशी ओळख करून दिली, तर सवयीनं "यांची दुसरी" एवढं तोंडून निघालंच. मग जीभ चावून त्यांनी तिला दोनदा नमस्कार केला.

सौंसरच्या आमच्या जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि या माणसाला जणू हक्काचं काम सापडलं. नागपूरहून आलेला इंजिनियर सांगून गेला की हार्ड डिस्क कधीही बिघडते, तिची फ्लॉप्यांवर नक्कल करा आणि ती दुसऱ्या गावी ठेवा; कापसाच्या कारखान्यात आगीचा काय भरवसा. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी चपला बाहेर काढून खोडेबाबू कॉम्प्युटरपुढे बसायचे. बसायचे कसले, उभेच. साठ फ्लॉप्या, एक काढायची, दुसरी घालायची. सदतिसावी बिघडली की पुन्हा पहिलीपासून. मधेच कुणी बोलायला गेलं तर मागे न बघताच म्हणायचे, "बॅकअप करून राहिलो ना बावा."

मग फ्लॉप्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून पांढुर्ण्याची बस. डबा मांडीवर, आणि दर थांब्याला झाकण उघडून आत बघायचं. तिथे तो मुलीकडे, शोभाकडे द्यायचा आणि मागच्या शनिवारचा परत आणायचा. शोभानं आपल्या मनानं लग्न केलं होतं. तिच्या घराची पायरी चढणार नाही, अशी शपथ बाबूंनी चारचौघांत घेतली होती. त्यामुळे देणंघेणं पायरीखालूनच. "ऑफिसच्या कामानं जातो," हे ते कुणी न विचारता सांगत, तेही दोनदा.

पुढे ऑफिसात आगीत न जळणारं लोखंडी कपाट आलं. साहेब म्हणाले, फ्लॉप्या इथेच ठेवा, पांढुर्णा बंद. शोभाकडचा डबाही परत आला. खोडेबाबू आठवडाभर कपाटाभोवती घिरट्या घालत होते. कपाटच चोरीला गेलं तर, असंही साहेबांना विचारून आले. मला त्यांची कीव आली, आणि रागही. मुलीला भेटायचं तर सरळ जावं की माणसानं.

त्या शनिवारी मलाही पांढुर्ण्याला काम होतं. बसमध्ये खोडेबाबू, मांडीवर डबा. उतरताना मी तो हातात घेतला, तर अगदी हलका. तो परत त्यांच्या हातात देऊन मी त्यांच्याबरोबर गेलो. शोभा दारात आली. डबा हातात पडताच तिला कळलं असणार. तरी तिनं तो दोन्ही हातांनी, भरलेला असल्यासारखा जपून धरला आणि म्हणाली, "पुढच्या शनिवारी घेऊन जा, बाबा."

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. डब्यात काहीच नव्हतं, मग गेलात कशाला, असं विचारलं. ते खिडकीबाहेर संत्र्यांच्या बागा बघत राहिले. मोकळ्या मांडीवर हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं.

"फ्लॉप्यांची दुसरी हाय," ते म्हणाले. "तिची दुसरी कुठं हाय, भाऊ?"