जर्मनमधली तीन पानं

ऑस्ट्रियातल्या आमच्या लिंत्स शहरातल्या निवृत्त शिक्षिका गुडरून कीनेस्बर्गर यांनी नात योहाना हिच्या चेलोच्या शिक्षणासाठी चाळीस हजार युरो बाजूला ठेवले होते. ते एका साध्या, स्वस्त अमेरिकन फंडात घालावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या बँकेत गेल्या आणि ग्राहक म्हणून त्यांचं संरक्षण तत्काळ सुरू झालं.

"प्रोफेसरबाई, हा फंड तुम्हाला विकता येत नाही," सल्लागार राइनहोल्ड म्हणाला. तो बाईंचा जुना विद्यार्थी; आमच्याकडे शाळेतल्या शिक्षकांनाही प्रोफेसर म्हणतात. "सामान्य ग्राहकाला आधी तीन पानी माहितीपत्रक द्यायचं, तेही जर्मनमध्ये, असा युरोपचा नियम आहे. अमेरिकन कंपनी ते काढतच नाही."

"अरे, मी इंग्रजी वाचते."

"नियमानुसार तुम्हाला इंग्रजी कळत नाही, बाई."

बाईंनी छत्तीस वर्षं इंग्रजीच शिकवलं होतं. राइनहोल्डला त्याच विषयात दोनदा नापास केलं होतं.

बाई हट्टी. त्यांनी फंडाची दोनशे पानं जर्मनमध्ये तीन पानांत उतरवून आणली. राइनहोल्डनं भाषेचं कौतुक केलं आणि पत्रक कंपनीनंच द्यायला हवं म्हणून परत केलं. बाईंनी अमेरिकेला लिहिलं. उत्तर आलं, की युरोपच्या नमुन्यात पुढच्या परताव्याचा अंदाज लिहावा लागतो आणि तसा लिहिला तर इकडचे वकील आम्हाला कोर्टात खेचतील. असे दोन खंड बाईंच्या भल्यासाठी झटत होते.

"मग मी करू काय?"

"व्यावसायिक गुंतवणूकदार व्हा. मग कसलं पत्रकच लागत नाही. दर तिमाहीला दहा मोठे सौदे आणि वर्षभर वित्तक्षेत्रात नोकरी."

"सौदे कशाचे करू, माझ्या डोक्याचे?"

राइनहोल्डनं खणातून तीन पानं काढली. त्याच फंडाच्या भावावर दसपटीनं वरखाली होणारं, 'सर्टिफिकेट' नावाचं बँकेचं रोखं, जोखीम सातपैकी सात. "हे चालतं. ह्याचं पत्रक जर्मनमध्ये आहे."

बाईंनी लाल पेन काढलं. अकरा स्वल्पविराम दुरुस्त केले, एक विभक्ती सुधारली, कोपऱ्यात काठावर पासाचे गुण दिले आणि सही केली. मजकुराकडे लक्ष द्यायचं मात्र राहून गेलं.

ते तपासलेलं पत्रक बघून मुख्य कचेरी इतकी खूश झाली, की असली पत्रकं शुद्ध भाषेत लिहायला बाईंनाच अर्धवेळ नोकरीवर ठेवलं. वर्षभरात त्या सर्टिफिकेटचे चाळीस सौदे झाले, दोन्ही अटी पुऱ्या झाल्या.

"अभिनंदन, बाई. आता तो फंड खुशाल घ्या."

"एक हिस्सा केवढ्याला?"

"सहाशे."

खात्यात दोनशे बारा युरो उरले होते. योहानाचा भाड्याचा चेलो दुकानात परत गेला होता.

"तू मला सांगायचं होतंस रे."

"पान दुसरं, बाई. 'सर्व रक्कम बुडू शकते.' तिथला स्वल्पविराम तुम्हीच काढलात."

बाई त्या दिवशी घरी जाऊन रडल्या. मला अजून त्याची चीड येते.

तेव्हापासून त्या प्रत्येक पत्रकाच्या तिसऱ्या पानावर एक ओळ घालतात: 'हे वाचत असाल तर सही करू नका, आधी मला फोन करा,' आणि खाली घरचा नंबर. बँकेनं ती ओळ काढलेली नाही, कारण बँकेतही ती कुणी वाचलेली नाही. पत्रकं धडाधड खपतात. प्रत्येकाखाली ग्राहकाची सही असते: वाचले, समजले, मान्य आहे.

फोन अजून एकदाही वाजलेला नाही. गेल्या आठवड्यात तुम्हीही कुठेतरी 'मान्य' म्हणालात. तुमचाही आला नाही.