खेळ थांबवायची खूण

आयुष्यात एकदाच मी छातीठोकपणे बोललो, "खेळ थांबवायची खूण मी सुचवतो!" एरवी मी शहापूरच्या वाचनालयात जन्म काढलेला माणूस. शिंक आली तरी कपाटातल्या पुस्तकांची माफी मागणारा!

झालं असं. माझी पुतणी मैना चिंचेवरून पडली आणि तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत असते. तिचा भाऊ अमोल कल्याणला संगणकाचं काम करतो. त्याने एक खेळ आणला. टीव्हीवर कॅमेरा ठेवायचा, समोर हातपाय हलवायचे, की पडद्यावरचा बाहुला तसाच हलतो. मैना हौसेने समोर गेली. पडद्यावर अक्षरं उमटली : खेळाडू दिसत नाही. त्या यंत्राला पाय हवे होते!

"बघा काका," मैना म्हणाली, "यंत्राला पण मी दिसत नाय."

ती हसली. मी मात्र टीव्ही बंद केला.

अमोलने बरीच खटपट करून यंत्राला फक्त खांदे आणि हात बघायला शिकवलं. खेळही नवा रचला. नाचणीच्या शेतावर राघू उतरतात, मैनाने हात फिरवून ते हाकलायचे. अडलं एकाच ठिकाणी. मूळ खेळ थांबवायला पाय उचलावा लागायचा. तिथे मी तोंड उघडलं.

"दोन्ही हात जोडायचे! खेळताना कोण नमस्कार करतं?"

"काका, भारी!" अमोल म्हणाला.

मला कोणी कधी भारी म्हटलेलं नव्हतं. मी दोन दिवस ताठ चाललो. घरी खेळही झकास चालला. घरात कोण कोणाला नमस्कार करतो!

मुरबाडच्या एका केंद्रात चाकांच्या खुर्चीतल्या मुलांकडून व्यायाम करून घ्यायला शिक्षिका हवी होती. केंद्राच्या प्रमुख संजीवनीताई म्हणाल्या, खेळ घेऊन या, चालला तर मैनाच शिक्षिका! पडल्यापासून जी मैना उंबऱ्याबाहेर जायचं नाव काढत नव्हती, तिने स्वतःहून गजरा मागितला. मला मात्र धास्ती. खूण माझी होती ना! काही बिघडलं तर?

केंद्रात पुढे टीव्ही, मध्ये मैना, तिच्या खुर्चीमागे मी आणि माझ्यामागे सगळी माणसं. राघू उतरले. मैनाने उजवा हात फिरवला. भुर्रर्र! डावा फिरवला. भुर्रर्र! मुलं ओरडली. तेवढ्यात अध्यक्ष धाकलूशेठ उशिरा आले. सगळे उठून उभे राहिले, नमस्कार-चमत्कार झाले.

खेळ थांबला!

"मैना, हात जोडलेस काय?" अमोल कुजबुजला.

"नाय रे! मी कशाला जोडू?"

अमोलने खेळ पुन्हा सुरू केला. मी ओशाळून नुसती मान मागे वळवली, हात जोडून म्हणालो, "क्षमा करा, यंत्र नवीन आहे." खेळ थांबला! पुन्हा सुरू. संजीवनीताईंनी माझी ओळख करून दिली, "आणि हे मैनाचे काका." मी नम्रपणे... खेळ थांबला!

"वायर ढिली असेल," धाकलूशेठ म्हणाले.

"कॅमेराच टाकाऊ दिसतोय," कोणीतरी म्हणालं.

संजीवनीताईंनी घड्याळ बघितलं. "मैना, मुलांसमोर असं सारखं बंद पडलं तर कसं गं चालायचं?"

गजऱ्यासकट मैनाची मान खाली गेली. अमोलने शेवटचं म्हणून खेळ पुन्हा सुरू केला. मी डोळे मिटले आणि मनापासून हात जोडले. देवा, पोरीचं काम होऊ दे! डोळे उघडले तर राघू हवेत गोठलेले.

मैना पडद्याकडे बघत होती. पडद्याच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याला दिसणारं सगळं दिसत होतं. त्यात तिच्या डोक्यामागे एक म्हातारा हात जोडून उभा! तिने गर्रकन खुर्ची वळवली.

"काका! तुमीच हात जोडताय व्हय? आन् मगाशी सगळ्यांनी जोडले!"

"मी... क्षमा कर..." माझे हात निघाले वर.

"हात खाली!" ती ओरडली. बाजूच्या टेबलावर शेठच्या सत्काराचं तबक होतं, त्यातला नारळ उचलून तिने माझ्या ओंजळीत कोंबला. "हा धरा. दोन्ही हातांनी. सोडलात तर बघा! आन् शेठ, तुमी पण हात मांडीखाली घ्या!"

धाकलूशेठनी मुकाट्याने हात मांडीखाली घेतले. सगळ्या सभेने घेतले. मग मैनाने असे काही हात फिरवले की नाचणीवर एक राघू टिकला नाही. घामाने माझ्या हातातून नारळ निसटत होता; मी तो छातीशी धरून उभा!

"सोमवारपासून ये," संजीवनीताई हसत म्हणाल्या. "यंत्राचं नंतर बघू. अध्यक्षांना गप्प बसवणारी शिक्षिका आम्हाला हवीच होती!"

सोमवारी मी मैनाला सोडायला गेलो. तिने त्याआधीच अमोलला खूण बदलायला लावली होती. आता दोन्ही कान धरले की खेळ थांबतो. "खेळताना कान कोण धरतंय?" ती म्हणाली. मुलं हात फिरवत होती, राघू उडत होते, मैना चाकं फिरवत सगळ्यांमधून हिंडत होती. माझा ऊर भरून आला. म्हटलं, त्या दिवशीच्या गोंधळाबद्दल पोरीची नीट माफी तरी मागावी. मी मुलांच्या मागच्या दारातूनच तिच्याकडे बघितलं आणि कान पकडले.

"काकाऽऽ!"

राघू हवेत थांबले होते.