बासष्ट किलोचा पाळीव प्राणी

कागदपत्रांच्या बाबतीत आपला हात कुणी धरू शकत नाही. (परवा कुणीतरी धरला असता तर फार बरं झालं असतं.) शाळा मी सातवीत सोडली, म्हणजे खरं तर शाळेनंच मला सोडलं. पण फॉर्ममधला रिकामा रकाना दिसला की माझी बोटं अजून शिवशिवतात. तिथं काहीतरी वाह्यात लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

झालं असं, की आमच्या सूनबाईनं दवाखान्यातली पगाराची नोकरी सोडली आणि एक जुनी व्हॅन घेतली. घरोघर जायचं, कुत्र्यामांजरांना व्हॅनमध्ये अंघोळ घालायची, केस कापायचे, नखं काढायची. मी म्हणालो, "माणसं स्वतःची अंघोळ टाळतात, कुत्र्याची कशाला करतील?" तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. (त्या दिवशी माझी राहिली होती.)

या धंद्याला कागद किती लागतात हे मला तेव्हा कळलं. गाडीत टब बसवला त्याचा एक, जनावरं हाताळायला शिकली त्याचा एक, घाण पाणी रस्त्यावर न सोडता टाकीत साठवणार त्याचा एक. तिन्ही तिनं मिळवले. राहिला मुख्य परवाना. त्यासाठी निरीक्षकासमोर एका प्राण्याला अंघोळ घालून दाखवायची आणि त्या प्राण्याची माहिती आधी लिहून द्यायची. समोरच्या शिंप्यानं त्याचा ढब्बू नावाचा केसाळ कुत्रा द्यायचं कबूल केलं. सूनबाईनं ढब्बूचा फॉर्म मोत्यासारख्या अक्षरात भरला. जादा छापलेला एक कोरा फॉर्म मात्र टेबलावर पडून राहिला.

तो मी भरला. प्रकार : पाळीव. वय : एकाहत्तर. वजन : बासष्ट किलो. रंग : मुळात काळा, हल्ली राख. विशेष खूण : डोक्यावर केस नाहीत, कानात भरपूर. चावतो का : दात बसवलेले आहेत, त्यामुळे विचार करून चावतो. भुंकतो का : जेवायला उशीर झाल्यास. मालक : बायको.

आमच्या हिला वाचून दाखवला. ती निवडत होती ती भाजी निवडतच राहिली. ज्या घरात विनोदाची कदर नाही तिथं माणसानं करायचं काय?

दुसऱ्या दिवशी सूनबाई टाकीची तपासणी करून घ्यायला गेली आणि जाताना म्हणाली, "बाबा, फाईल तेवढी कचेरीत द्याल? टेबलावरचा फॉर्म वर लावा. बाकी काही करू नका." मी बाकी काहीच केलं नाही. टेबलावर होता तो फॉर्म लावला. खिडकीतल्या कारकुनानं एक अक्षर न वाचता धडाधड शिक्के मारले. असा कामसू माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मंगळवारी सकाळी निरीक्षकबाई आल्या. दोरीला बांधलेला चष्मा, चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. व्हॅन पाहिली, टाकी पाहिली, मान डोलावली. शिंपी ढब्बूला घेऊन उभाच होता. बाईंनी फाईल उघडली, कुत्र्याकडे पाहिलं, परत फाईलकडे पाहिलं.

"हा एकाहत्तर वर्षांचा आहे?"

"चार," शिंपी म्हणाला.

बाईंनी सगळा फॉर्म मोठ्यानं वाचला. 'कानात भरपूर'पर्यंत आल्यावर शिंप्यानं माझ्या कानाकडे पाहिलं. सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. (ढब्बूचा फॉर्म माझ्या चष्म्याच्या डबीत निघाला. घडी घालून मीच ठेवला असणार.)

"बाई, ती आपली गंमत होती," मी म्हणालो.

"शिक्का गमतीवर बसत नाही. बसला म्हणजे ती नोंद. नोंदवलेला प्राणी हजर करा, नाहीतर नवा अर्ज द्या. पुढची तपासणी तीन महिन्यांनी."

तीन महिने. नोकरी सोडलेली आणि येत्या सोमवारपासूनच्या अंघोळी कबूल केलेल्या. सूनबाई भांडली असती तर मी निभावून नेलं असतं. पण ती नुसती त्या नव्या टबाची कड पुसत राहिली. मग मी सदरा काढला.

बनियन आणि अर्ध्या चड्डीत मी टबात बसलो. सूनबाईनं नियमाप्रमाणे गळ्यात पट्टा अडकवला. पिसवांचा शाम्पू डोळ्यांत जात नाही, हे मी खात्रीनं सांगतो, तोंडात जातो. तिनं कानातले केस कापले. पायाची नखं काढली, जी मला वाकता येत नसल्यामुळे दोन वर्षं आपापल्या मर्जीनं वाढत होती. मी काही बोलायला गेलो की, "शाबास, हलायचं नाही." शेवटी ड्रायर लागला तेव्हा ढब्बू बाहेर शेपटी हलवत होता. इतका खूश कुत्रा मी पाहिलेला नाही. सवयीनं तिच्या हातून बिस्कीटही माझ्यापुढे आलं. खाल्लं. वाईट नव्हतं.

बाईंनी घाण पाण्याची टाकी उघडून पाहिली. "बरंच निघालं," म्हणाल्या आणि शेऱ्यात लिहिलं : 'प्राणी सहकार्य करतो. फार बोलतो.' मग शिक्का हातात घेतला आणि थांबल्या. "मालकाची सही राहिली."

आमची ही तोपर्यंत दारात हाताची घडी घालून उभी होती. मी व्हॅनमधून चकाकत उतरलो आणि जरा छाती काढून म्हणालो, "बघ, शेवटी लायसन्स कुणामुळे मिळालं?"

तिनं आधी सही केली. बाईंनी शिक्का मारला, सूनबाईनं कागद छातीशी धरला. मग बाईंनी वहीत बघून विचारलं, "किती वर्षांपासून पाळलाय?"

हिनं पेन परत दिलं, मला नखापासून टकलापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पाळलाय कुठला बाई. एकदा दारात आला, दया येऊन दोन घास घातले. त्याला झाली अठ्ठेचाळीस वर्षं, हाकलला तरी जात नाही."