दक्षिण ध्रुवाचे चिटबॉय

जळोचीतले आमचे शेजारी तात्या दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, दक्षिण ध्रुवाची पीकपाहणी करतात. चष्मा पुसतात, मोबाईल हातभर लांब धरतात आणि बर्फातल्या एखाद्या उघड्या डोंगरावर बोट ठेवून विचारतात, "ह्यो गट कुणाचा?"

तात्या मूळचे कळंबचे. साखर कारखान्यात तीस वर्षं चिटबॉय होते. म्हणजे शेतकऱ्यानं किती ऊस लावला, ती लागण कारखान्याच्या दप्तरी नोंदवणारा माणूस. पुढारी असो की पाहुणा, तात्यांचं उत्तर एकच. "बांधाला पाय लागल्याबिगर नोंद न्हाय." सख्ख्या मेव्हण्याची लागण जागेवर जाऊन मोजली आणि त्यानं सांगितल्यापेक्षा अर्धा एकर कमी भरली, तेवढीच लिहिली. मेव्हणा अजून त्यांच्या घरचं पाणी पीत नाही. याचा तात्यांना अभिमान आहे.

त्यांची एकुलती एक लेक स्वाती परदेशात संशोधन करते. दक्षिण ध्रुवाकडे एक असं वाळवंट आहे म्हणे, जिथे पाऊस नाही आणि बर्फही धड टिकत नाही. तिथे शेवाळ कुठे जगलंय, दगडाच्या पोटात सूक्ष्मजीव कुठे तग धरून असतील, याचा माग ती उपग्रहाच्या फोटोंवरून काढते. फोटो वडिलांनाही पाठवते. बायको गेल्यापासून तात्या एकटेच असतात, तेवढाच विरंगुळा.

पहिला फोटो आला तेव्हा ते अनवाणी माझ्याकडे धावत आले. फोटोत लालभडक ठिपके होते.

"गुरुजी, पोरीचं पीक गेलं! तांबेरा पडलाय!"

तांबेरा पडला की उसाचं पान लालसर होतं, हे इकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी पडलो निवृत्त मास्तर, त्यामुळे काही न कळता मान डोलावली. आम्ही दोघांनी फोन करून तिला फवारणी सुचवली. ती हसून हसून बेजार झाली. त्या फोटोत जिवंत हिरवळच लाल दाखवतात, असं निघालं.

तात्या ओशाळले नाहीत. "मग आधी सांगायचं! आमच्यात लाल शाई म्हंजी भानगडच."

मग चौकशी सुरू झाली. लागण कवाची? ती म्हणाली, शेवाळ वर्षात नखाएवढंही वाढत नाही. "मग आडसालीच म्हणायची," तात्यांनी ठरवून टाकलं. आमच्याकडे दीड वर्षाच्या उसाला आडसाली म्हणतात. तितं मेंढरं किती चरत्याल? तात्यांच्या वाडवडिलांनी मेंढरं राखलेली. "एक बी न्हाय," हे ऐकून त्यांना त्या अख्ख्या मुलखाची कीव आली.

पण शेवटचा प्रश्न दर रविवारी ठरलेला. "तितं कुणी उभं राहून बघितलंय का?"

"न्हाय तात्या. शेवाळ हाय का नुसता खडक, एका ठिपक्याची खात्री न्हाय."

"मग नोंद न्हाय."

लेकीला असं टोचू नका, मी किती वेळा सांगितलं. ते म्हणायचे, "टोचतोय कुठं? काम शिकवतोय."

गेल्या महिन्यात मी त्यांच्या ओसरीवर असताना तिचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता. "तात्या, तितं जाणाऱ्या तुकडीत माझं नाव आलंय. त्या ठिपक्यापातूर. पाच महिने. फोन लागेल, न लागेल. तुमी एकटे... तुमी नको म्हणला तर न्हाय जात मी. फोटोंवर बी काम पुरं होतंय."

तात्यांनी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, आता यांच्या छातीत दुखणार. ऐन वेळी आजारी पडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

पण ते म्हणाले, "फोटूवर कसली नोंद? जा. नीट उभी राहून बघ. आन् मोजं जाड घाल."

फोन ठेवला. चष्मा काढून पुसला. चहावर साय धरली.

"गुरुजी," ते हळूच म्हणाले, "तुमचं ऐकती ती. तुमी सांगा की, फोटूवर भागतंय म्हणून."

खरं सांगायचं तर तिनं जाऊ नये असं मलाही वाटत होतं. मी माझा फोन काढला, नंबर शोधला. "लावू?"

तात्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"नगं. पोरगी खरंच ऐकंल हो तुमचं."