पहिली बरी की दुसरी?

"दोन गोष्टींतली एक ज्याला ठामपणे निवडता येत नाही, त्याने स्वतःला माणूस म्हणवून घेऊ नये," असं चष्मेवाल्यांनी सोमवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाहीर केलं. आवाज असा लावला होता की समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ऐकलं. मग काउंटरवर वाकून त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "आत्ता चहा घेऊ की कॉफी?"

"तुमच्या हातात कॉफी आहे," बायको म्हणाली.

"ते दिसतंय मला. पण चालेल ना?"

चष्मेवाल्यांची सगळी हयात दुसऱ्यांना निवड करायला लावण्यात गेली होती. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत ते गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची जड चौकट चढवत, डोळ्यापुढे एक काच सरकवत, ती काढून दुसरी सरकवत आणि विचारत, "पहिलं बरं की दुसरं?" ह्या एका प्रश्नावर त्यांचा संसार उभा होता. पण तोच प्रश्न उलटून त्यांच्यावर आला, की त्यांचं तळ्यात-मळ्यात सुरू होई. लग्नाचंसुद्धा बायकोनेच विचारलं होतं. "नाहीतर मी अजून त्या बसस्टॉपवर उभी असते," असं ती पाहुण्यांना सांगे, आणि चष्मेवाले मान डोलवत. ते खरंच होतं.

बायकोचं उलट. ती काउंटर सांभाळायची. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या तोंडाकडे एकदा बघायची आणि खणातून एक फ्रेम काढून समोर ठेवायची. गिऱ्हाईक म्हणे, छे, ही नको. मग ते दुकानभर हिंडे, आरशात तऱ्हेतऱ्हेची तोंडं करी, घरी फोन लावी आणि शेवटी येऊन तीच फ्रेम उचले. तोवर बायकोने पावतीही फाडलेली असे.

तर अशा ह्या चष्मेवाल्यांना, केस पांढरे व्हायला लागल्यावर, मोटरसायकल घ्यायची होती. साधीसुधी नव्हे, स्पोर्ट मोटरसायकल. पोटावर झोपून चालवल्यासारखी दिसते ती. तरुणपणी मित्राची चालवली होती, तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यात घुसली होती आणि इतकी वर्षं तिथेच उभी होती. बायकोने नाही म्हटलं नाही. शोरूमवाल्याने घोळ घातला. म्हणाला, "हिच्यात दोन प्रकार आहेत. एक साधी, पेट्रोलवरची. दुसरी फ्लेक्स-फ्युएल. तिच्यात पेट्रोलही चालतं, इथेनॉल मिसळलेलंही चालतं. दिसायला दोन्ही सारख्या. फ्लेक्सच्या टाकीवर तेवढं हिरवं पान काढलेलं असतं."

झालं. एकच असती तर चष्मेवाल्यांनी ती त्याच दिवशी घेतली असती.

महिना उलटला. साधीला वेग चांगला, पण फ्लेक्स धूर कमी करते. फ्लेक्सला इंधन जास्त लागतं, पण ते इंधन स्वस्त. साधीचं काम कुठलाही मिस्त्री करतो, पण उद्याचा जमाना फ्लेक्सचा. जेवताना, झोपताना, दाढी करताना हेच. एकदा अर्धीच दाढी करून दुकानात आले.

शेवटी बायकोने निकाल लावला. "शनिवारी दुकान बंद होईपर्यंत तुम्ही ठरवायचं. एकट्याने. मला विचारायचं नाही, शेजाऱ्यांना विचारायचं नाही. ठरलं तर आणा गाडी, मी मागे बसेन. नाही ठरलं तर त्या पैशांत काच घासायचं नवं मशीन येईल, आणि मोटरसायकलचा विषय पुन्हा ह्या घरात निघायचा नाही."

"पण अहो..."

"अहो मी म्हणायचं असतं. तुम्ही ठरवायचं असतं."

सोमवारची ती घोषणा ह्यातूनच आली होती. कॉफी संपवून चष्मेवाले अंधाऱ्या खोलीत गेले आणि विचार करू लागले. कुणाला विचारायचं नाही, हे खरं. पण गिऱ्हाइकांना विचारणं हा तर त्यांचा धंदाच होता. त्यांनी मनाशी ठरवलं, पहिलं म्हणजे साधी, दुसरं म्हणजे फ्लेक्स. जास्त लोक म्हणतील ती आपली.

नेमके त्या दिवशी पहिले गिऱ्हाईक म्हणून निवृत्त हेडमास्तर आले. जाड काचेचा चष्मा, एकमार्गी माणूस.

"पहिलं बरं की दुसरं?"

"दुसरं," हेडमास्तर म्हणाले.

"घाई करू नका. दुसऱ्याला इंधन जरा जास्त लागतं."

हेडमास्तरांनी नाकावरची चौकट सरळ केली. "चष्म्याला?"

"आपलं एक सांगून ठेवलं. धूर मात्र कमी."

"मग दुसरंच द्या."

"पहिल्यावर एवढा राग का पण?"

"राग कसला? पहिल्यातून मला खालची ओळ दिसत नाही."

"मास्तर, खालची ओळ म्हणजेच काय सगळं आयुष्य असतं का?"

उभ्या जन्मात हेडमास्तरांनी मुलांना उलटसुलट प्रश्न विचारले होते, पण असा नाही. चष्मेवाले काचा बदलत राहिले आणि विचारत राहिले. शेवटी हेडमास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते म्हणाले, "आता मला दोन्ही सारखंच दिसतंय. मला घरी जाऊ द्या."

मग चष्मेवाल्यांनी पट्टी घेऊन त्यांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजलं. काचांचा मध्य त्यावर ठरतो आणि मध्य चुकला की दोन डोळे दोन वाटांना जातात, म्हणून हे माप फार जपून घ्यायचं असतं. पण त्या वेळी चष्मेवाल्यांचे स्वतःचे डोळे खिशातून डोकावणाऱ्या मोटरसायकलच्या चित्रावर होते. जे माप आलं ते त्यांनी कारागिराला फोनवरून सांगून टाकलं.

शुक्रवारपर्यंत निम्मे लोक पहिलं म्हणाले होते, निम्मे दुसरं, आणि एक बाई उठून कोपऱ्यावरच्या दुसऱ्या चष्म्याच्या दुकानात गेल्या होत्या. कोडं काही सुटेना. तेव्हा चष्मेवाल्यांना वाटलं, आपण मुळात चाचणीच चुकीची करतोय. दोन काचा बघताना गिऱ्हाइकाला कुठे माहीत असतं, कुठली कोणत्या नंबरची? म्हणून तर तो खरं सांगतो. गाड्यांचंही तसंच करायला हवं.

शनिवारी दुपारी ते मेहुण्याला घेऊन शोरूममध्ये गेले. मेहुणा नळदुरुस्तीची कामं करायचा. कुठलंही काम सांगा, तो म्हणे, "होऊन जाईल." आणि ते होऊन जाई. काय होऊन जाईल हे मात्र आधी सांगता येत नसे.

"हे बघ," चष्मेवाले म्हणाले, "तू मत द्यायचं नाहीस. ताईला मी शब्द दिलाय. तू फक्त गाड्या बदलायच्या. मी डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून उभा राहीन. कुठली कुठली आहे ते तुला एकट्याला माहीत."

"होऊन जाईल, भावोजी."

लहान मुलांचा एक डोळा झाकायला ज्या काळ्या चिकटपट्ट्या असतात, त्या चष्मेवाल्यांनी दुकानातून आणल्याच होत्या. त्या त्यांनी सेल्समनला दोन्ही टाक्यांवर सारख्या लावायला लावल्या. हिरवं पान झाकलं गेलं. शोरूममागच्या मोकळ्या मैदानात दोन लालभडक गाड्या एक एक डोळा झाकून उभ्या राहिल्या. सेल्समनने आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती. तो चहा प्यायला निघून गेला.

मेहुण्याने ओळखीसाठी साध्या गाडीच्या आरशावर हेल्मेट टांगून ठेवलं. चष्मेवाले एका गाडीवरून मैदानाला फेरी मारून आले, मग दुसरीवरून.

"पहिली बरी की दुसरी?" मेहुण्याने धंद्याच्या सुरात विचारलं.

"परत पहिली दाखव."

परत पहिली झाली. परत दुसरी झाली. ऊन कललं, मैदानाच्या भिंतीवर तीन-चार माणसं येऊन बसली, आणि त्यांच्यात आपापसात वाद सुरू झाला. चष्मेवाल्यांच्या तोंडावर आता हेडमास्तरांसारखाच भाव आला होता.

एवढ्यात एक गाडी बंद पडली. टाकी रिकामी. मेहुणा वर्कशॉपमध्ये गेला. तिथे दोन डबे होते, एकात पेट्रोल, एकात इथेनॉलवालं. डबे अगदी व्यवस्थित वेगळे ठेवलेले होते. मेहुण्याला प्रश्न पडला तो गाडीचा. हेल्मेट टांगलेली ती साधी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण हेल्मेट भावोजींच्या डोक्यावर होतं. त्याआधी ते कुठल्या आरशावर होतं? आणि त्याच्या आधी?

चिकटपट्टी काढून बघता आलं असतं. पण भावोजी भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि म्हणत होते, "पट्टीला हात लावू नकोस हं. सगळी चाचणी फुकट जाईल."

"होऊन जाईल," मेहुणा पुटपुटला आणि त्याने एक डबा उचलला.

चष्मेवाले निघाले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गाडी एकदा खोकली. मग दोनदा खोकली. मग म्हाताऱ्याने घसा साफ करावा तसा लांब आवाज करून थांबली. भिंतीवरच्या मंडळींचा वाद थांबला. चष्मेवाले खाली उतरले, टाकीवर वाकले, क्षणभर तसेच राहिले, आणि मग ताठ उभे राहून म्हणाले, "ही नको. दुसरी."

"नक्की, भावोजी?"

"नक्की. पट्टी काढ."

मेहुण्याने दोन्ही पट्ट्या काढल्या. बंद पडली होती ती साधी. पेट्रोलशिवाय दुसरं काही पोटात न घेणारी बिचारी गाडी, तिला ह्याने भलतंच पाजलं होतं. साधी निर्दोष होती. हे सांगितलं तर भावोजी उद्या पुन्हा पहिलीपासून सुरू करतील, आणि उद्या रविवार, म्हणजे मुदत संपलेली.

संध्याकाळी त्याने ताईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ताईने फ्रेमांवरची धूळ पुसता पुसता ऐकून घेतलं.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"जन्मात सांगू नकोस. बाई गं, किती वर्षांनी हा माणूस स्वतःहून काही म्हणालाय."

सेल्समनलाही तिने फोन करून तेच बजावलं. तो म्हणाला, "ताई, मी काही बघितलंच नाही. मी चहाला गेलो होतो."

पुढच्या आठवड्यात गाडी आली. शोरूमने टाकी भरून दिली होती, तीही कौतुकाने इथेनॉलवाल्या इंधनाने. दुकानाच्या पायऱ्यांपुढे ती लाल गाडी अशी उभी राहिली की इस्त्रीवाला इस्त्री सोडून बाहेर आला. मेहुणाही आला, पण गाडीच्या जवळ जाईना.

बायकोने हातात फडकं घेऊन गाडीला एक चक्कर मारली. "छान आहे. अहो, एक करा ना. माझ्या स्कूटरची टाकी रिकामी झालीय. हिच्यातलं लिटरभर काढून तिच्यात घालता का?"

"छे, छे," चष्मेवाले म्हणाले, "स्कूटरला हे चालायचं नाही. त्या दिवशी ह्याने साध्या गाडीत ओतलं तेव्हा ती कशी खोकली."

मेहुण्याने पायरीवर बसकण मारली. बायकोच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं.

"तुम्हाला माहीत होतं, भावोजी?"

"मी तीस वर्षं काचा कशाने पुसतो रे? स्पिरिटने. टाकीवर वाकलो तर इथेनॉलचा तोच वास. म्हटलं, ह्या पोराने डबा चुकवला."

"मग 'ही नको' का म्हणालात?"

चष्मेवाले दुकानातली खुर्ची बाहेर ओढून बसले. "आमच्या धंद्यातली एक गोष्ट आहे, बाहेर सांगायची नसते. दोन काचांत काही फरकच नसला, की गिऱ्हाईक थकतं. म्हणतं, आता दोन्ही सारखंच दिसतंय. तेव्हा आम्ही आमच्या मनाने एक ठरवतो आणि म्हणतो, बरं, तुम्ही दुसरं म्हणालात. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. त्या दिवशी मैदानात मीच गिऱ्हाईक होतो आणि मीच थकलो होतो. आणि चष्मेवालाही मीच होतो. नको म्हणायला तेवढं निमित्त मिळालं, म्हणून टाकलं ठरवून."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली, फ्रेम काढण्याआधी गिऱ्हाइकाकडे बघायची तसं, पण जरा जास्त वेळ. "म्हणजे खरंच तुम्ही ठरवलंत."

"मी."

"एकट्याने."

"एकट्याने."

"मग मी हेल्मेट घेऊन येते," ती म्हणाली आणि आत गेली. चष्मेवाल्यांच्या छातीत हवा भरली. ते उठले, गाडीवर हात ठेवून पायरीवर उभे राहिले, आणि इस्त्रीवाल्याकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "दोन गोष्टींतली एक ज्याला ठामपणे निवडता येत नाही, त्याने स्वतःला..."

तेवढ्यात रस्त्याच्या कडेने, भिंतीला हात लावत लावत, हेडमास्तर आले. नाकावर नवा चष्मा होता. दुकानापुढे येऊन ते थांबले, मान इकडे केली, तिकडे केली आणि गाडीकडे कौतुकाने बघत राहिले.

"दोन्ही छान आहेत हो," ते म्हणाले. "फक्त त्यातली एक जरा बाजूला घेता का? मला दुकानात यायचंय."