तार भिवंडीची, तांबं कुठचं?

आमच्या उरणात पंपाची मोटार जळली की माणूस हसुरामकाकांकडे जातो, आणि पंप दुरुस्त होण्याआधी स्वतःच दमतो. कारण जुनी तार काढून नवी गुंडाळण्याआधी काका मुंबईच्या दुकानदाराला फोन लावणार. तो सांगणार, तार भिवंडीच्या कारखान्यातली. काका विचारणार, “तार भिवंडीची. तांबं कुठचं?”

दुकानदार हल्ली त्यांचा फोन उचलत नाही. मग काका गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरून लावतात. उत्तर ठरलेलं, तांबं परदेशातलं. काका “ऱ्हावदे” म्हणत सुस्कारा टाकतात आणि कामाला लागतात.

तरुणपणी ते परराज्यात तांब्याच्या खाणीत होते. पाठीचं दुखणं घेऊन परतले आणि हे काम शिकले. आपल्या खाणी असून तांबं बाहेरून का येतं, हे मी त्यांना दहादा समजावलं. आपल्या दगडात तांबं थोडं, देशाची भूक मोठी. ते मान डोलावतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बंदरातून निघालेले कंटेनर रस्त्यात अडकले की जाऊन ड्रायव्हरला विचारतात, आत काय हाय? एकाने खेळणी सांगितली, तेव्हा काकांना जरा बरं वाटलं.

यंदा माझा पंप जळला. घरात पाणी नाही आणि इकडे काकांची फोनाफोनी. मी वैतागून म्हटलं, “काका, तांबं कुठलं का असेना, तुम्हाला काय करायचंय?”

त्यांनी हातातली तार खाली ठेवली. मग सांगितलं. खाणीत बुधराम नावाचा त्यांचा जोडीदार होता. एका सकाळी कडा कोसळला, त्यात तो गेला. काका शेजारीच होते. पाठ तेव्हाचीच.

“एवढा दगड काढला आमी,” ते म्हणाले. “तरी पुरला न्हाय. मंग बुधराम कशापायी गेला?”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बुधरामची बायको. दर रविवारी करते, म्हणाले. तिला कमी ऐकू येत असल्याने तिचा आवाज चढा, मलाही सगळं ऐकू येत होतं. तब्येतीची चौकशी झाली, नातवंडांची झाली. मग तिने नेहमीच्या सवयीने विचारलं, आज जी तार भरताय, ती आपल्याच खाणीच्या तांब्याची ना?

दुकानदाराने ‘परदेशातलं’ सांगून दहा मिनिटंही झाली नव्हती.

“हां भाभी,” काका म्हणाले, “अपनीच खदान का है.”