टॅबिथाचं पातेलं

हॅझलकोट हॉल या जुन्या वाड्याच्या माळ्यावर, येणाऱ्यांना वाडा दाखवणारे डेस्मंड प्राइस एका मंगळवारी चौथ्यांदा तीच हकिगत सांगत होते. १६५१ साली वुस्टरची लढाई हरल्यावर दुसरा चार्ल्स राजा वेष पालटून पळाला आणि एक रात्र या माळ्यावर लपला, असं म्हणतात. ‘असं म्हणतात’ हे हॉल सांभाळणाऱ्या समितीनं त्यांना बजावून म्हणायला लावलं होतं. ऐकणाऱ्यांत पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी होती. तिनं आधी डोक्यावरच्या बुटक्या तुळईकडे पाहिलं, मग प्राइसांकडे.

“राजा उंच होता ना?”

“सहा फुटांच्या वर.”

“मग त्याचं डोकं नाही आपटलं?”

‘माहीत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण प्राइसांनी चौतीस वर्षं पोस्टमनकी केली होती, आणि अर्धवट पत्त्याचं पत्रसुद्धा कधी परत पाठवलं नव्हतं. कुठं ना कुठं ते पोचवायचंच, ही सवय.

“आपटलं की,” ते म्हणाले. “खाली शत्रूचे शिपाई झडती घेत होते. धाडकन आवाज झाला, सगळे वर बघायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या मोलकरणीनं हातातलं पातेलं फरशीवर सोडलं आणि म्हणाली, ‘आज काय झालंय कोण जाणे, हातात भांडं म्हणून टिकत नाही.’ शिपायांना वाटलं, आधीचा आवाजही हिचाच. राजा वाचला.”

“तिचं नाव काय होतं?”

“टॅबिथा.”

टॅबिथा हे प्राइसांच्या मांजरीचं नाव होतं.

मुलगी खूश झाली, प्राइस विसरून गेले. पण पुढच्या रविवारी दोन कुटुंबं आली आणि त्यांनी पातेल्याचीच गोष्ट मागितली. प्राइसांनी सांगितली, या खेपेला पातेलं तांब्याचं झालं. वर्षभरात ते माहितीपत्रकात छापून आलं. हॉलच्या आवारात चहाचं दुकान चालवणाऱ्या बेडोजबाईंनी मनुका घातलेला ‘टॅबिथा पाव’ काढला. बाईंच्या आजोळची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हॉलच्या स्वयंपाकघरात राबलेली. त्यांनी दोन आणि दोन चार केले आणि एका सकाळी प्राइसांचा हात धरून म्हणाल्या, “टॅबिथा आमच्यातलीच हो. मला आतून कळतंय.” प्राइसांनी त्यांच्या हातून दुसरा पाव घेतला आणि खाऊन टाकला.

असं सहा वर्षं चाललं. मग समितीचे अध्यक्ष कॉर्फील्ड यांना एका विद्यापीठातून पत्र आलं. टॅबिथाचा उल्लेख कोणत्या कागदात आहे, एवढंच विचारलं होतं. इकडे रविवारी टॅबिथाच्या नावाची दगडी पाटी बसवायची ठरली होती.

“कागद तुमच्याकडेच असणार,” कॉर्फील्ड म्हणाले. “जरा शोधून ठेवा.”

प्राइस घरी येऊन बायकोसमोर बसले आणि सगळं ओकले. एनिडनं विणकामाच्या सुया थांबवल्या.

“मांजरीचं नाव दिलंस?”

“ती दाराशी बसलेली असते रोज. तेच तोंडात आलं.”

“आणि सहा वर्षं मला बोलला नाहीस.”

“तू पाव आवडीनं खात होतीस.”

एनिडनं विणकाम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “कॉर्फील्डांना राहू दे. आधी बेडोजबाईंना सांग. आणि बसून सांग, उभ्या उभ्या पळून येऊ नकोस.”

प्राइस गेले, बसले, सांगितलं. बेडोजबाई टेबल पुसत होत्या, पुसतच राहिल्या. एकाच जागी.

“आईच्या थडग्यावर कोरून घेतलंय मी,” त्या शेवटी म्हणाल्या. “‘शूर टॅबिथाच्या कुळातली.’ गेल्या ईस्टरला. तुम्ही होता तिथं. टोपी काढून उभे होता.”

प्राइसांना आठवत होतं. शेजारच्या माणसाला त्यांनी रुमालही दिला होता.

कॉर्फील्डांना सांगितलं तर ते दार लावून घेत म्हणाले, “रविवार उलटू दे. मग हळूच पत्रक बदलू. कुणाला पत्ता लागणार नाही.” त्या रात्री प्राइस जेवले नाहीत. रविवारी साठेक माणसं जमली. पाद्र्यांनी टॅबिथासाठी प्रार्थना केली, कॉर्फील्डांनी पाटीवरच्या कापडाची दोरी प्राइसांच्या हातात दिली. प्राइसांनी दोरी धरली आणि ओढलीच नाही.

“टॅबिथा कधी नव्हतीच,” ते म्हणाले. “मी बनवली. एका लहान मुलीला ‘माहीत नाही’ म्हणायची मला लाज वाटली.” बेडोजबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्याकडे पाहून ते म्हणाले, “चूक माझी. बाईंची नाही.” आणि दोरी कॉर्फील्डांच्या हातात परत देऊन ते घरी चालत गेले.

सोमवारी त्यांनी राजीनामा लिहिला. पण मंगळवारीच जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात ‘राजाला वाचवणारी मोलकरीण पोस्टमनच्या डोक्यातली’ असा मथळा आला आणि शनिवारी हॉलच्या फाटकाबाहेर रांग लागली. कॉर्फील्ड धापा टाकत प्राइसांच्या घरी आले.

“राजीनामा नंतर बघू. लोक तुम्हाला विचारतायत.”

“मला कशाला?”

“तुमच्याच तोंडून ऐकायचंय म्हणतात.”

तेव्हापासून प्राइस दर शनिवारी चार वेळा माळ्यावर उभे राहून आपण कसं खोटं बोललो ते सांगतात, काही न वगळता. चहा त्यांना बेडोजबाईंच्या दुकानात मिळतो, पण साखर किती हे त्या विचारत नाहीत. थडग्यावरची ओळ त्यांनी एका गवंड्याकडून घासून घेतली. त्या दिवशी प्राइस पाण्याची बादली घेऊन गेले होते. बाईंनी त्यांना नको म्हटलं नाही.

गेल्या शनिवारी कॅमेरा घेतलेल्या एका बाईंनी विचारलं, “पहिल्यांदा ते खोटं सांगितलंत तेव्हा तुम्ही नेमके कुठं उभे होता?”

“इथं. खिडकीपाशी.”

“मग तिथंच उभे राहा. आणि जरा लाज वाटल्यासारखा चेहरा करा.”

प्राइस खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. चेहऱ्याचं त्यांना वेगळं काही करावं लागलं नाही.